चार नंबरच्या बोटीत कोण राहतं?

(मुलांनो, मिटा पाहू डोळे. एक कालवा आहे असं समजा, संथ पाण्याचा, विलायतेतल्या एका लहान गावाजवळचा. त्याच्या धक्क्याला लांबच लांब, अरुंद बोटी ओळीने बांधल्यात, आणि प्रत्येक बोटीत माणसं राहतात. तिथेच स्वयंपाक करतात, तिथेच भांडतात, तिथूनच शाळेला जातात. त्यातल्या एका हिरव्या बोटीचं नाव 'क्लारा'. आत शेगडी पेटलेली आहे. शहात्तर वर्षांची एफी हॅडली आणि तिची दहा वर्षांची नात ब्रायनी समोरासमोर बसल्यात. दोघींच्या मधे बिस्किटांचा डबा आहे, पण त्यात बिस्किटं नाहीत, पत्रं आहेत. आता उघडा डोळे, आणि नुसते कान द्या.)

ब्रायनी : परत वाचू?

एफी : वाच. पण जरा दमानं. आणि टीव्हीवरच्या बाईसारखं नको वाचूस, मला धडधडतं.

ब्रायनी : 'प्रिय मिसेस हॅडली. दिनांक तीन मार्चपासून आपण जागा क्रमांक सात येथे राहत नसल्याचे आढळून आले आहे. सबब त्या तारखेपासून आपला घरभाडे मदतीचा हक्क संपुष्टात आला आहे.'

एफी : म्हणजे काय म्हणतंय गावचं कौन्सिल?

ब्रायनी : आपण घरात राहत नाही म्हणतंय.

एफी : मग ही किटली कोणी ठेवली शेगडीवर?

ब्रायनी : थांब ना, दुसरं पत्र आहे. तारीख तीच, चोवीस मार्च. सहीसुद्धा तीच. 'प्रिय मिसेस हॅडली. आपण जागा क्रमांक चार येथे श्री. ऑस्कर ट्रँटर यांच्यासोबत जोडीदार म्हणून राहत असल्याचे...'

एफी : कोणासोबत?

ब्रायनी : शेजारच्या ऑसी आजोबांसोबत.

एफी : कशी म्हणून?

ब्रायनी : जोडीदार. म्हणजे नवरा-बायकोसारखे.

एफी : ऑसी? अगं, तो मोजे शेगडीवर वाळत घालतो! त्याच शेगडीवर बेकन भाजतो! त्याच्याशी संसार करण्यापेक्षा मी कालव्यातल्या बदकाशी केला असता.

ब्रायनी : आजी, हसू नकोस. खाली लिहिलंय, दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं तर मदत मिळणार नाही.

एफी : हसत नाहीये मी. घाबरले की मला हे असंच होतं.

ब्रायनी : आणि आजोबांनाही आलंय पत्र. काल दाखवलं त्यांनी मला. त्यात म्हटलंय, की ते चार नंबरला राहत नाहीत. आणि ते सात नंबरला तुझ्यासोबत राहतात.

एफी : थांब, थांब. मी साताला राहत नाही.

ब्रायनी : नाही.

एफी : पण ऑसी साताला माझ्यासोबत राहतो.

ब्रायनी : हो. आणि तू चारला त्यांच्यासोबत राहतेस. पण ते चारला राहत नाहीत.

एफी : माझं डोकं गरगरायला लागलं, ब्राय. चहा ओत.

ब्रायनी : चहा पितापिता सांग. तीन मार्चला काय झालं होतं?

एफी : काय होणार? जागा बदलली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर धक्क्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, एफीला नळाजवळची जागा द्या. ही आपली रीतच आहे. ज्याला पाणी वाहून आणणं जड जातं, त्याची बोट नळाशी. नळाशी चार नंबर. तिथे ऑसीची बोट होती. त्यानं दोर सोडला, आपण दोर सोडला. तो साताला गेला, आपण चाराला आलो. पाच मिनिटांचं काम.

ब्रायनी : हे कौन्सिलला सांगितलं होतंस?

एफी : तेच तर! ऑसीच म्हणाला, काही बदललं की कळवायचं असतं, नाहीतर दंड. म्हणून त्याच्याकडून कार्ड लिहून घेतलं आणि टाकलं पेटीत. 'मी सातवरून चारला आले आहे. आपली, एफी हॅडली.' त्यानंही स्वतःचं टाकलं, 'मी चारवरून साताला गेलो आहे.' इतकं गुणी माणूस कौन्सिलला दुसरं मिळेल का सांग.

ब्रायनी : आजी, तू 'बोट' लिहिलंसच नाहीस.

एफी : बोट कशाला लिहायची? बोटीशिवाय मी कुठे जाणारे? माझ्या आईनं मला बोटीत जन्म दिला. आम्ही जागा बदलली म्हणतो तेव्हा बोट धरूनच म्हणतो.

ब्रायनी : ते नाही धरत ना. त्यांना वाटलं, तू सात नंबरचं घर सोडून आजोबांच्या चार नंबरच्या घरात राहायला गेलीस. आणि आजोबा तुझ्या सात नंबरच्या घरात आले.

एफी : मग आम्ही एकमेकांना भेटलो कधी?

ब्रायनी : ते त्यांना विचारायला हवं. आजी, ही पत्रं डब्यात किती दिवस आहेत?

एफी : आली तेव्हापासून.

ब्रायनी : जवळजवळ एक महिना?

एफी : तपकिरी लिफाफ्यातून आजवर कोणाचं भलं झालंय? वाचता मला येत नाही नीट. तुला वाचायला दिलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस. ऑसीला दिलं असतं तर त्यानं धक्काभर सांगितलं असतं. म्हटलं, बिस्किटं संपेपर्यंत राहू दे.

ब्रायनी : बिस्किटं मी संपवली.

एफी : हो. तिथेच चुकलं माझं.

ब्रायनी : खाली ऐक काय आहे. 'निर्णय मान्य नसल्यास या पत्राच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत फेरविचारासाठी लेखी मागणी करावी.' आज बावीस एप्रिल.

एफी : म्हणजे?

ब्रायनी : म्हणजे परवापर्यंत. नाही केली तर काय होईल?

एफी : धक्क्याचं भाडं मदतीतून भरलं जातं. मदत थांबली, की धक्क्याचा मालक नोटीस देणार. वाईट माणूस नाही तो, पण त्यालाही पोट आहे. मग आपण बांधलेले राहणार नाही, फिरते होणार. फिरत्या बोटीचा नियम माहीत आहे ना? दर पंधरा दिवसांनी पुढे सरकायचं.

ब्रायनी : मग सरकू.

एफी : या गुडघ्यानं? गावाच्या पुढे कालवा पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. एकवीस दरवाजे आहेत पाण्याचे. प्रत्येक दरवाजा पाठ लावून ढकलायचा. आणि तुझी शाळा काय माझ्या मागे काठाकाठानं चालत येणार?

ब्रायनी : दुसरी शाळा...

एफी : दुसरी, मग तिसरी, मग चौथी. मी केलंय ते. बोट जिथे थांबेल तिथली शाळा. एक दिवस इथे, दोन दिवस तिथे. 'क' कुठेतरी शिकले आणि 'ख' यायच्या आत बोट सुटली. म्हणून तर तुला वाचायला लागतंय. ते तुझ्या वाट्याला यायचं नाही, ब्राय. ते मी होऊ देणार नाही.

ब्रायनी : मग उद्या जाऊ कौन्सिलमध्ये.

एफी : उद्या तुझी शाळा आहे.

ब्रायनी : आजी!

एफी : बरं बरं. उद्या एक दिवस बुडव. पण इंग्रजीच्या बाईंना सांग, घरी वाचन केलं म्हणून. खोटं नाही ते.

* * *

मिस पिंडर : टोकन नंबर त्रेचाळीस! या, बसा. पाय लांब करा हवं तर. नाव?

एफी : एफी हॅडली.

मिस पिंडर : पत्ता?

एफी : क्लारा.

मिस पिंडर : ते नाव झालं, मिसेस हॅडली. मला पत्ता हवाय.

एफी : पत्ताच सांगतेय मी. गेली तीस वर्षं हाच आहे.

ब्रायनी : मिस, क्लारा ही आमची बोट आहे. आता ती चार नंबरला बांधलेली आहे. आधी सातला होती. ही तुमची पत्रं. दोन्ही चुकीची आहेत. सॉरी.

मिस पिंडर : सॉरी कशाला? मी लिहिलेली नाहीत. बघू. हं. तुम्ही सात सोडलं, तीन मार्चला. बरोबर?

एफी : बरोबर.

मिस पिंडर : म्हणजे घर बदललं.

एफी : छे! घर कशाला बदलू?

मिस पिंडर : आत्ताच म्हणालात, सात सोडलं.

एफी : सोडलं ना. घर नाही सोडलं.

मिस पिंडर : मिसेस हॅडली, माझी सकाळपासून ही एकोणिसावी भेट आहे. मला हळूहळू सांगा.

ब्रायनी : मी सांगू, मिस? आम्ही घर बदललं नाही. घर सरकलं. आम्ही आतच होतो. मी तर टोस्ट खात होते. चावा घेतला तेव्हा सातला होते आणि गिळला तेव्हा चारला.

मिस पिंडर : अच्छा... आणि मिस्टर ट्रँटर?

ब्रायनी : ते त्यांच्या बोटीत. त्यांचंही घर सरकलं, उलट्या बाजूने. मधे पाणी होतं. दोघांनी एकमेकांना हात केला.

एफी : हात मी केला नव्हता. त्यानं केला.

मिस पिंडर : हं, आता जरा उजेड पडतोय. पण अडचण अशी आहे की आमच्या संगणकात घर क्रमांकाला धरून सगळं चालतं. तुम्ही सातमधून गेलात की सातचं खातं बंद होतं. घर स्वतःच चालत गेलं, असं लिहायला इथे रकाना नाही.

एफी : मग करा एक.

मिस पिंडर : मला करता आला असता तर मी आधी चहाच्या सुट्टीचा केला असता.

ब्रायनी : मिस, बोटीला स्वतःचा नंबर असतो. कालव्याच्या लोकांनी दिलेला. परवान्यावर असतो आणि बाहेर रंगवलेलाही असतो. बोट कुठेही गेली तरी तो बदलत नाही. हा परवाना. खिडकीतून काढून आणलाय.

मिस पिंडर : हा नंबर आमच्याकडे कसा नाही?

एफी : कोणी विचारला?

मिस पिंडर : तेही खरं. थांबा, मी याची प्रत काढते. म्हणजे राहतं घर म्हणजे ही बोट, आणि बोट तीच आहे. पहिल्या पत्राचा फेरविचार मागायला एवढं पुरेसं आहे. हा फॉर्म घ्या. मी तुमच्याबरोबर बसते भरायला.

एफी : म्हणजे सुटलं?

मिस पिंडर : नाही. फेरविचार मी करत नाही, वरचा अधिकारी करतो. त्यानं पहिला निर्णय दिलेला नाही, म्हणजे कोऱ्या मनानं बघेल. त्यानंही नाही म्हटलं, तर न्यायाधीशापुढे अपील करता येतं. पण तुमचा मुद्दा चांगला आहे. खरी काळजी मला दुसऱ्या पत्राची आहे.

एफी : ऑसीच्या? अहो, तो माझा शेजारी आहे. त्याच्या पायाला वास येतो. लिहा हवं तर तसं.

मिस पिंडर : ते लिहून भागणार नाही. इथे एक टिपण आहे. सतरा मार्चला आमचा माणूस धक्क्यावर येऊन गेला. घरी कोणी नव्हतं.

एफी : मी दवाखान्यात होते, टाके काढायला.

मिस पिंडर : त्यानं बाहेरून पाहिलं ते लिहिलंय. 'दारापाशी रबरी बुटांचे दोन जोड. दोरीवर दोन टॉवेल. छपरावर दोन जीवरक्षक जाकिटं. शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार बोटीत दोघं राहतात.' आणि तुमच्या अर्जात माणसं किती? एक.

एफी : हं.

मिस पिंडर : दुसरं माणूस कोण, हे त्याला कुठेच सापडेना. चार नंबरच्या जुन्या यादीत मिस्टर ट्रँटर यांचं नाव होतं. त्यानं दोन अधिक दोन केलं.

ब्रायनी : पण मिस, ते बूट माझे आहेत! बारके आहेत! त्यांनी माप नाही लिहिलं?

मिस पिंडर : माप नाही लिहिलं. तू यांच्याकडे कधी येतेस? सुट्टीत?

ब्रायनी : येत नाही. राहते.

मिस पिंडर : किती दिवस झाले?

ब्रायनी : दोन वर्षं. सव्वादोन.

मिस पिंडर : मिसेस हॅडली, तुमचे चार वर्षांचे फॉर्म आहेत माझ्यासमोर. 'आपल्या घरात एकूण किती व्यक्ती राहतात?' एक. एक. एक. एक.

एफी : फॉर्म ऑसी भरायचा.

मिस पिंडर : हा एकचा आकडा वेगळ्या हातचा दिसतोय.

एफी : तो माझा. आकडे येतात मला.

ब्रायनी : आजी, तू मला का नाही मोजलंस?

एफी : मोजलं नाही असं नाही.

ब्रायनी : एक म्हणजे तू. मग मी कुठे?

एफी : हे बघ, इथे नको. बाई, तुम्ही तो ऑसीचा कागद...

मिस पिंडर : मिसेस हॅडली, ऑसीचा कागद यावरच अडलाय. दुसरं माणूस ही आहे असं लिहिलंत, तर मिस्टर ट्रँटर आपोआप बाहेर पडतात. नाही लिहिलंत, तर ते बूट त्यांचेच राहतील.

एफी : आणि हिचं नाव लिहिलं, आणि कोणी सुटाबुटातलं आलं, आणि म्हणालं, चल पोरी, बोटीत नाही राहायचं. मग?

मिस पिंडर : मी घरभाड्याचं बघते. आजीकडे नात राहणं हा काही गुन्हा नाही. उशिरा का कळवलंत ते विचारतील, खरं ते सांगा. शाळेचं एक पत्र जोडा, ही या पत्त्यावर राहते म्हणून. आणि खरं सांगू का, मूल घरात असेल तर हिशोब तुमच्या बाजूनं बदलतो. दोन वर्षं तुम्ही स्वतःचंच नुकसान करत होतात. भीती एवढीच होती का?

एफी : नाही.

मिस पिंडर : सांगायलाच हवं असं नाही.

एफी : हिची आई, कोरल, माझी धाकटी. ग्रिम्सबीला मासळीच्या कारखान्यात लागली. म्हणाली, आई, दोन आठवडे हिला ठेव, खोली मिळाली की नेते. मग खोली मिळाली, पण एकाच माणसाची. मग ती खोली गेली. मग रात्रपाळी आली. तेवढ्यात तुमचा फॉर्म आला. ऑसी पेन घेऊन बसला, म्हणाला, एफी, किती माणसं? आता दोन लिहिलं असतं तर...

ब्रायनी : तर काय?

एफी : तर कोरल यायची नाही, असं मीच कागदावर ठरवून टाकल्यासारखं झालं असतं. तुझ्यासमोर. म्हटलं, येईल ती पुढच्या महिन्यात. ऑसीच्या हातून पेन घेतलं आणि लिहिला एक. पुढच्या वर्षी परत तेच. पाहुणी आहे म्हटलं, पाहुण्याला कोण मोजतं?

ब्रायनी : मी पाहुणी आहे?

एफी : कागदावर, ब्राय. नुसती कागदावर.

ब्रायनी : पाहुण्यांना कोणी शेगडीची राख काढायला लावतं का?

एफी : नाही लावत.

ब्रायनी : आणि मी येताना आणलेल्या बॅगेत तू कांदे ठेवतेस. दोन वर्षं झाली. मला वाटलं, तुलाही माहीत आहे.

एफी : काय माहीत आहे?

ब्रायनी : की ती बॅग आता लागणार नाही. आई रविवारी फोन करते ना, तेव्हा मी हल्ली विचारतही नाही कधी येतेस. तिला रडू येतं. मी तिला बदकांचं सांगते.

एफी : मला कधी बोलली नाहीस ते.

ब्रायनी : मला वाटलं, तुला वाईट वाटेल.

मिस पिंडर : मी... मी जरा पाणी आणते तुम्हा दोघींना. तोवर हा रकाना बघून ठेवा. इथे.

एफी : जाऊ नका हो, बाई. तुम्ही बसा. तुमच्यासमोर होऊन जाऊ दे. पेन द्या.

मिस पिंडर : हे घ्या.

एफी : आकडा लिहिते मी. दोन. हा घ्या. पुढे नावं मागतायत का?

मिस पिंडर : हो. प्रत्येकाचं नाव, वय, नातं, आणि कधीपासून राहतात.

एफी : ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला माझ्या सहीपुरती अक्षरं येतात.

ब्रायनी : मी लिहिते. मिस, मी लिहिलं तर चालेल?

मिस पिंडर : चालेल. सही मात्र आजीची हवी. सावकाश लिही. खाडाखोड करू नकोस, हा संगणक खाडाखोड वाचत नाही.

ब्रायनी : एफी हॅडली, शहात्तर. आता खालची ओळ. ब्रायनी हॅडली. दहा. नातं... नात. 'कधीपासून.' अकरा जानेवारी, सव्वादोन वर्षांपूर्वीचा.

एफी : तारीखसुद्धा आठवते तुला?

ब्रायनी : धक्क्यावरचा नळ गोठला होता. तू त्याला तुझा मफलर गुंडाळून उकळतं पाणी ओतत होतीस, आणि मला म्हणालीस, उभी काय राहतेस, दुसरी किटली आण.

एफी : म्हणाले असेन. पुढे काय आहे?

ब्रायनी : पुढे तुझी सही.

एफी : झालं? आणखी काही नाही विचारलं तुझ्याबद्दल?

ब्रायनी : नाही. मी खालपर्यंत वाचलं. किती दिवस राहणार, ते त्यांनी विचारलेलंच नाही.